घोयरा दिसला तर काय करायचं: सोलापूरकरांसाठी शॅमेलिऑनची ओळख, बचाव आणि निगा

ऑक्टोबर लागला की माझ्या फोनला उसंत नसते. "दादा, लवकर या की ओ. बांधावर विषारी सरडा आलाय. डोळे गरागरा फिरवतोय, फुसफुस करतोय." मी एकच विचारतो, "पळतोय का चालतोय?" पलीकडून उत्तर येतं, "चालतोय. प्यालेल्या माणसागत डुलत डुलत." मग माझा जीव भांड्यात पडतो. "काठी खाली ठेवा, कुत्रं बांधा आणि लांबून बघत बसा. आलोच."

दिवसा मी अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. सापांच्या निमित्तानं सर्पमित्रांबरोबर फिरायला लागलो आणि सापांपेक्षा या डुलणाऱ्या प्राण्यातच जास्त गुंतलो. गेल्या काही वर्षांत जे शिकलो, त्यातलं निम्मं चुका करून शिकलो. त्या चुका तुम्ही परत करू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ओळख पटवा

मराठीत आपण सगळ्यांनाच सरडा म्हणून मोकळे होतो. शॅमेलिऑनला कुणी घोयरा म्हणतं, जुन्या पुस्तकांत सरडगुहिरा सापडतो. सोलापूरचं बरं आहे, इथं एका गल्लीत तीन भाषा नांदतात. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आजीला विचारलं तर ती लगेच 'ऊसरवेल्ली' म्हणते, अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा शेतकरी 'ऊसरवळ्ळी' म्हणतो. त्या दोन्ही भाषांत याला स्वतःचं नाव आहे. आपण मात्र त्याला कुंपणावरच्या सरड्याच्या रांगेत बसवून टाकलंय.

कुंपणावर माना उडवत बसतो तो बागसरडा. अंग खरखरीत, शेपूट लांब आणि सुतासारखी बारीक होत गेलेली, आणि चाहूल लागली की क्षणात पसार. विणीच्या काळात नराचं डोकं-गळा लाल होतो, म्हणून तो रक्त पितो अशी अफवा. दुसरा, माळावर दगडावर चढून गळ्याचा निळा पंखा फुलवणारा. त्याच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये जे शास्त्रीय नाव दिलं तेच मुळी 'सराडा', आपल्या मराठी शब्दावरून. हे दोघंही पळपुटे. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण त्यांच्यासाठी ठीक आहे. घोयऱ्याला धावताच येत नाही.

घोयरा ओळखायचा तो पायांवरून. लांबून दिसत नसतील तर मोबाइलनं झूम करा. बोटं सुटी नसतात. दोन आणि तीन अशी एकत्र जोडलेली असतात, चिमट्यासारखी. पुढच्या पायात आतल्या बाजूला तीन, बाहेर दोन. मागच्या पायात उलट. हा चिमटा फांदीभोवती बसला की वाऱ्यातही सुटत नाही. मग शेपूट: फांदीला वेटोळं घालणारी, निवांत असेल तेव्हा घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, डोक्यावर मागं शिरस्त्राणासारखा उंचवटा. डोळा म्हणजे एक खवलेदार शंकू आणि त्याच्या टोकाला बारीकसं भोक. पापण्या एकत्र जुळलेल्या असल्यामुळं तेवढीच खिडकी उरते. एक डोळा तुमच्याकडं असतो, दुसरा मागच्या कुत्र्याकडं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोठा घोयरा फूट-सव्वा फूट भरतो. बाहेरून कान दिसत नाही.

भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात आहे. शास्त्रीय नाव कमेलिओ झेलॅनिकस, १७६८ सालापासूनचं. जगात दोनशेहून जास्त जाती आहेत, त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये. आपली जात गंगेच्या दक्षिणेकडचा कोरडा भारत, श्रीलंकेचा कोरडा भाग आणि सिंधपर्यंत. म्हणजे सोलापूर तिच्या अगदी घरातलंच.

विषाचं एकदाच सांगतो: घोयऱ्याला विष नाही. दातात नाही, जिभेत नाही, फुंकरीत नाही, थुंकीत तर नाहीच. घाबरला की तो अंग फुगवतो, काळे ठिपके उमटवतो, तोंड उघडून फुसफुसतो. हा सगळा देखावा, कारण पळता येत नाही त्याला दुसरं काय करता येणार? अगदीच दाबलात तर चावेल, बारीक ओरखडा येईल. साबणानं हात धुवा, बस्स.

रंगाचा घोळ

होटगी रोडच्या बाजूला एका वस्तीवर गेलो होतो. पोरांनी घोयरा पकडून सोलापुरी चादरीवर ठेवला होता, आणि चार मोबाइल रोखून सगळे वाट बघत होते. मी विचारलं, "कशाची वाट बघताय?" एक म्हणाला, "डिझाइन उमटायची." चादर लाल-पिवळ्या चौकटींची. घोयरा त्यावर काळपट पडत चालला होता आणि पोरांना वाटत होतं, रंग यायला सुरुवात झाली.

तो काळपट रंग भीतीचा होता. घोयरा खालच्या कापडाचा रंग घेत नाही. रंग बदलतो तो ऊन, थंडी, भीती, राग, मादीसमोरचा दिमाख यांच्यामुळं. सकाळी उन्हाकडची बाजू गडद करून अंग तापवतो, तापलं की फिकट होतो. रात्री झोपेत तर पांढरट-पिवळा पडतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिलं की यामागं नुसता रंगद्रव्याचा खेळ नाही. कातडीतल्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीनं रचलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परततो, कातडीतल्या पिवळ्यात मिसळून हिरवा दिसतो. तो खवळला की स्फटिकांतलं अंतर वाढतं आणि रंग पिवळ्या-लालकडं सरकतो. आपल्या घोयऱ्याच्या नशिबी तेवढी रोषणाई नाही. हिरवा, पिवळट, तपकिरी, काळे-पांढरे ठिपके-पट्टे, एवढंच त्याचं कपाट.

याचा व्यवहारात उपयोग असा: हातात घेतलेला घोयरा काळा पडला तर 'वा, काय रंग बदलला' म्हणू नका. त्याला सोडून द्या.

कुठं आणि कधी सापडतो

जिल्ह्यात झाडोरा असलेला कोणताही कोरडा भाग. बांधावरच्या बाभळी, कडुनिंब, बोर, हिवर, करंज, घाणेरीची जाळी, वनविभागानं लावलेलं गिरिपुष्प. विजापूर रोडच्या सिद्धेश्वर वनविहारासारख्या जागी किंवा बार्शी रस्त्याच्या नान्नजकडच्या माळरानाच्या कडेनं चालताना झुडपांची बाहेरची फांदी बघायची सवय लावा. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी झालं, पण अशा माळावर माळढोकाखेरीज बरंच काही राहतं. आत जायचं तर परवानगी घेऊन, आणि रात्री तर नाहीच.

दिवसा घोयरा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. त्याची चाल आठवा: एक पाऊल पुढं, मग मागं-पुढं झुलणं, मग दुसरं पाऊल. वाऱ्यानं हलणाऱ्या पानासारखा तो हलतो. नजर त्याच्यावरून दहादा निसटते.

रात्री मात्र सोपं. पावसाळा सरताना किंवा नंतर, आठ-साडेआठला, स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतात टॉर्च घेऊन निघा. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरा, कपाळावरचा असेल तर उत्तम. गुडघ्यापासून दोन पुरुष उंचीपर्यंतच्या बाहेरच्या, बारीक फांद्यांचे शेंडे बघत चला. घोयरा मुद्दाम शेंड्यावर झोपतो, कारण साप आला तर फांदी हलते आणि याला जाग येते. हिरव्या पानांत फिकट, जवळजवळ पांढरा, शेपूट गुंडाळलेला आकार चमकतो. पहिला दिसायला तासभर जाईल, मग नजर बसते. दिसला की उजेड बाजूला घ्या, दोन फोटो फ्लॅशशिवाय, आणि पुढं चला. फांदी हलवू नका, झोपेत खाली पडतो. पायात बूट हवेतच. घोणस आणि फुरसं त्याच बांधावर राहतात आणि त्यांना तुमच्या छंदाशी काही देणंघेणं नाही.

एक आग्रहाची सूचना: फोटो टाकताना गावाचं, वस्तीचं नाव टाकू नका. पकडून विकणारेही तेच फोटो बघतात.

रस्त्यावर दिसला तर

सर्वांत जास्त घोयरे मरतात ते रस्त्यावर. पावसाळा सरला की नर मादीच्या शोधात खाली उतरतो, पाठोपाठ मादी अंडी घालायला उतरते. पूर्वी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतायच्या. रुंदीकरणात झाडं गेली, आता चार पदरी डांबर चालून ओलांडायचं आणि तेही या चालीनं.

आधी स्वतःचा जीव. गाडी पूर्ण कडेला घ्या, इंडिकेटर लावा, सोबत कुणी असेल तर त्याला मागून येणाऱ्या गाड्यांना हात करायला उभं करा. तुळजापूर रोडला रात्री ट्रक कसे सुटतात हे तुम्हाला मी सांगायला नको. एका सरड्यापायी माणूस जायला नको.

मग एक काडी शोधा. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब, खरखरीत. बाभळीची असेल तर काटे मोडून घ्या. ती काडी घोयऱ्याच्या पुढच्या पायांसमोर, त्याच्या छातीच्या उंचीला, आडवी आणि जराशी वर चढती धरा. बाकी काही करायचं नाही. अर्धा मिनिट तो रागानं फुगून बसेल, तुमच्याकडं एक डोळा रोखेल, आणि मग एक चिमटा काडीवर टेकवेल. दुसरा. मग मागचे पाय. शेवटी शेपटीचा वेढा पडला की समजा पोहोचलात. समोर उभी फांदी दिसली की वर चढायचं, हा त्याचा स्वभाव आहे आणि आपलं सगळं काम त्या स्वभावावर चालतं. वेळच नसेल, गाडी येत असेल, तर पोटाखालून तळहात सरकवून पूर्ण अंगाला आधार देत उचला.

तीन गोष्टी टाळा. पाठीवरून झडप घालू नका, वरून येणारी सावली म्हणजे त्याच्यासाठी ससाणा किंवा कावळा. शेपटीला धरू नका. पालीसारखी शेपूट टाकून तो पळत नाही, आणि तुटली तर ती पुन्हा येतही नाही. आणि पाय सोडवायला ओढू नका. त्याची पकड सैल करायची असेल तर समोर दुसरी फांदी धरा, तो स्वतः सोडतो. ओढून काढलेल्या घोयऱ्याची बोटं सुजलेली, नखं उपटलेली मी पाहिलीत, आणि नखाविना झाडावर राहणारा प्राणी किती दिवस काढणार?

तो ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूला न्या. उलटीकडं सोडलात तर अर्ध्या तासात परत डांबरावर. रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलं आत, बुंध्याला काडी टेकवा आणि तो चढेपर्यंत थांबा. 'चांगल्या जंगलात सोडू' म्हणून गाडीत घालून वीस किलोमीटर नेऊ नका. त्याला त्याचं झाड, पाणवठा, उन्हाची जागा माहीत असते. नव्या ठिकाणी तो पाहुणा नसतो, परका असतो.

जखमी किंवा उन्हानं कोसळलेला

इथं माझीच गोष्ट आधी सांगतो. पहिल्या वर्षी मे महिन्यात एक घोयरा कुत्र्याच्या तोंडातून सुटलेला मिळाला. जखम फार नव्हती. मी त्याला लोणच्याच्या प्लास्टिक बरणीत घातलं, झाकणाला चार भोकं पाडली, बरणी स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि दुपारी दीड वाजता शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघालो. वाटेत एका मित्राकडं दहा मिनिटं थांबलो. डिकी उघडली तेव्हा तो तोंड उघडून, फिकट पडून निपचित होता. कुत्र्यानं मारलं नव्हतं, मी भाजून मारलं. सोलापूरच्या मे महिन्यात चाळिशीपार पारा असतो, आणि बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त. तेव्हापासून डिकी वर्ज्य.

आता माझ्या पिशवीत असतं ते एवढं: कारखान्यातला एक सुती टॉवेल, उशीचा अभ्रा, बुटाचं खोकं, फवाऱ्याची छोटी बाटली, ड्रॉपर, बारीक कात्री.

खोक्याला चारी बाजूंनी भोकं पाडायची, तळाला टॉवेल, आडवी एक काडी घट्ट अडकवायची म्हणजे त्याला धरायला काही मिळतं. झाकण लावून अंधार करा. अंधारात तो शांत होतो. खोकं सावलीत, माणसाच्या मांडीवर, हवा लागेल असं न्यायचं. दुपारी बारा ते चार शक्यतो प्रवासच नको. सावलीच्या खोलीत ठेवा आणि ऊन उतरल्यावर निघा. कुणालाही दाखवायला झाकण उघडू नका. गल्लीतली सगळी पोरं बघायला येणार, त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवा.

पाणी कसं द्यायचं, हे नीट वाचा. घोयरा वाटीतलं पाणी पाणी म्हणून ओळखतच नाही. तो पानावरचे दंव, पावसाचे थेंब चाटतो. डोळे खोल गेलेले, कातडी सुरकुतलेली असेल तर त्याला तहान लागलीय. समोर एक पान धरून त्यावर बारीक तुषार मारा, किंवा ड्रॉपरनं नाकाच्या टोकाशी, ओठाच्या कडेला एक थेंब लटकवून ठेवा. तोंड हलायला लागलं, घोट घेतला, की दुसरा थेंब. तोंड उघडून पाणी ओतायचं नाही, पिचकारी तर मुळीच नाही. पाणी श्वासनलिकेत गेलं की प्राणी तिथल्या तिथं जातो किंवा दोन दिवसांनी छाती भरून जातो. दूध, ग्लुकोज, मध हे माणसाच्या मायेचे पदार्थ आहेत, त्याला नकोत. खायलाही घालू नका. उन्हानं कोसळला असेल तर सावली, हळू वारा, अंगावर साध्या पाण्याचे बारीक तुषार. बर्फाचं किंवा फ्रीजचं पाणी नको.

द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांमुळं आपल्याकडं एक वेगळाच प्रकार वाढलाय: पक्ष्यांसाठी लावलेल्या नायलॉन जाळीत घोयरा अडकतो. तो पुढं जायला बघतो, धागा काखेत नाहीतर मानेत रुततो. जाळीतून ओढू नका. आधी त्याच्या चारी पायांखाली काडी द्या म्हणजे वजन काडीवर येईल आणि धागा सैल पडेल. मग त्याच्या अंगापासून लांबचे धागे आधी कापा, रुतलेला धागा सर्वांत शेवटी. धागा कातडीत गेला असेल तर तो उपटू नका, दोन्ही टोकं कापून तसाच डॉक्टरांकडं न्या. बागाइतदार जाळीला कात्री लावू देत नाहीत हा अनुभव आहे. मी त्यांना सांगतो, वीतभर भोक शिवता येतं, सुई-दोरा मी देतो. बहुतेक जण हसून हो म्हणतात.

फोन कुणाला करायचा? वनविभागाची हेल्पलाइन १९२६. ठिकाण, काय झालंय, प्राणी कुठं ठेवलाय एवढं सांगा आणि फोन घेणाऱ्याचं नाव, वेळ स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. जखमी प्राणी तुमच्या घरी काही तासांपुरताच, उपचार आणि सोडणं वनविभागाच्या सांगण्यानं. बरा होईपर्यंत मीच सांभाळतो, हे चांगल्या मनानं केलं तरी कायद्याच्या दृष्टीनं गुन्हा ठरू शकतं.

मादी माती उकरत असेल तर

हे दृश्य मी आजवर दोनदाच पाहिलंय. पोट अंड्यांनी गाठी-गाठींचं झालेलं, मादी पुढच्या पायांनी मऊ मातीत खड्डा करत आत जाते. काम तासन्‌तास चालतं. मध्येच थांबते, एक डोळा बाहेर, एक आत. दहापासून तिसापर्यंत अंडी घालते, मग माती लोटून बुजवते, आणि निघते तेव्हा पोट रिकाम्या पिशवीसारखं लोंबत असतं.

तुमचं काम: कुत्री-कोंबड्या लांब ठेवणं आणि स्वतः दहा पावलं मागं बसणं. मादी गेल्यावर भोवती चार दगड लावा आणि त्या तीन फुटांत नांगर-रोटाव्हेटर फिरवू नका. अंडी उकरून 'घरी उबवू' हा मोह टाळा. नांगरटीत आधीच उघडी पडली असतील तर १९२६ला फोन करा. ते येईपर्यंत अंडी जशी आहेत तशीच ठेवा, कूस बदलू नका, कारण सरपटणाऱ्या प्राण्याचं अंडं उलटं झालं की आतला जीव गुदमरू शकतो. वरून ओलसर मातीचा हलका थर आणि सावली, एवढं पुरे.

शेतात आणि अंगणात त्याची सोय

खरी निगा इथं आहे, आणि ती फुकट आहे. बांध जाळण्याआधीच्या रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा. घोयरा आगीपुढं पळू शकत नाही, तो फक्त वर चढतो, आणि वरही धूर असतो. दिसला तर काडीवर घेऊन पुढच्या बांधावर न्या. माझ्या मामांनी दोन वर्षांपूर्वी हे सुरू केलं तेव्हा भावकीनं चेष्टा केली. आता त्यांची सून टॉर्च धरते.

बांधावर झाडं सुटी-सुटी नकोत, फांदीला फांदी लागेल अशी रांग हवी. एका बाभळीतून दुसरीवर वरूनच जाता आलं तर तो खाली उतरणार नाही. फवारणी करायचीच असेल तर बांधाची झुडपं सोडा. नाकतोडे, माश्या, सुरवंट, टोळ हे त्याचं ताट. त्याची जीभ, शेपूट सोडून अंगाची लांबी धरली तर तिच्याहून लांब जाते. (टांझानियातल्या बोटाएवढ्या जातीच्या जिभेचा वेग २०१६ मध्ये मोजला, तर वेग घेण्याचं प्रमाण गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट निघालं. आमचे घोयरे एवढे तेज नसतील, पण माशीला फरक कळत नाही.) उन्हाळ्यात झाडांना पाणी देताना पाइपाचं तोंड बोटानं दाबून सकाळी पानांवरही तुषार उडवा. वाटीभर पाण्यापेक्षा ते त्याच्या कामाचं.

पाळायचाच असेल तर

आपला घोयरा पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तो संरक्षित आहे. पकडणं, ठेवणं, विकणं, सगळंच गुन्हा. 'घरात माशा खातो, राहू दे' हेही चालत नाही.

शहरात काही जणांकडं परदेशी, येमेन-सौदी अरेबियाकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन असतो. माझं मत विचाराल तर घेऊ नका. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला नीट ठेवणं हे नोकरीएवढं काम आहे. पण ज्यांच्याकडं आधीच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ही जात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारातल्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२४च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसतील तर आधी तेच.

पिंजरा जाळीचा, उभा, मोठ्यासाठी निदान दोन बाय दोन बाय चार फूट. काचेची टाकी नको, हवा कोंडते. एका पिंजऱ्यात एकच, आरशासमोरही ठेवू नका, प्रतिबिंबाशी भांडत राहतो. आत जास्वंद, मनीप्लांट चालतं, कण्हेर चुकूनही नको. वरून अतिनील-ब किरणांची नळी रोज बारा तास, आणि ती सहा महिने-वर्षानं बदलायची, कारण उजेड दिसत राहतो पण किरण संपलेले असतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याला उपयोगाचं नाही, ते किरण काच अडवते. ऊन शेकायची जागा तीस अंशांच्या आसपास, पिंजऱ्याचा खालचा भाग थंड. सोलापुरात गरम करणं हा प्रश्नच नाही, थंड ठेवणं आहे. मार्च ते जून पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, वाळ्याचा ओला पडदा शेजारी, कूलरचा झोत थेट अंगावर नको. सकाळ-संध्याकाळ पानांवर दोन-तीन मिनिटं तुषार आणि दिवसा एक थेंब-थेंब गळणारी बाटली. त्याची विष्ठा बघत चला: सोबतचा पांढरा भाग पांढराच असेल तर पाणी पुरतंय, केशरी झाला तर तहानलाय.

किडे विकतचे, म्हणजे रातकिडे वगैरे, त्याच्या डोक्याच्या रुंदीहून मोठे नकोत. फवारलेल्या शेतातले नाकतोडे म्हणजे विषप्रयोग. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी खाऊ घाला, आणि देताना साधी कॅल्शियम पूड लावा. ड-३ आणि जीवनसत्त्वाची पूड महिन्यातून दोनदाच. पाय वाकडे दिसू लागले, पकड सैल झाली, तर हाडं मऊ पडताहेत. दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन आजारी असतो, त्याला झोप आलेली नसते. मादी असेल तर नर नसतानाही अंडी धरते, म्हणून पिंजऱ्यात फूटभर खोल ओलसर वाळूचा डबा हवाच, नाहीतर अंडी आत अडकून ती मरते. आणि नकोसा झाला म्हणून त्याला वनविहारात नेऊन सोडायचं नाही. तो परदेशी आहे, तो तिथं मरेल किंवा आपल्या घोयऱ्याला रोग देईल.

अंड्यांच्या डब्याचं सांगितलं की लोक म्हणतात, "एवढं कोण करणार?" अशांना मी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रात्री साडेआठला मामांच्या बांधावर बोलावतो. येताना बूट घाला आणि टॉर्चचे सेल नवे आणा.